झडप उघडून राहिलो

माघ लागला की नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या जिन्यात शिंका सुरू होतात. तळमजल्यावर शिवणकाम करणारे शेखभाई आधी कैची खाली ठेवतात, मनसोक्त शिंकून घेतात आणि मग वर तोंड करून ओरडतात, "आली काय जी ताई, तुमची भिवापूरवाली?" आलेली असते. पोतं तोंडाशी गच्च शिवलेलं असतं, तरी मिरची कुठून ना कुठून स्वतःची खबर देतेच. आज सकाळी पोतं वर आलं, मी ते खुर्चीशेजारी टेकवलं, आणि सोल्डरिंगच्या धुराला सरावलेल्या माझ्या नाकालाही ठसका लागला. या ठसक्याचा मला राग येत नाही. एरवी मला कशाचाही येतो, हे आमच्या जिन्यात कुणालाही विचारा.

हा वास आला की काही वर्षांपूर्वीचा एक हंगाम आठवतो. त्या हंगामात मी एका यंत्राशी भांडले, सेन्सर विकणाऱ्याशी भांडले, सुषमाशी तर रोजच भांडले, आणि शेवटी जे हाती लागलं त्याचा तोरा मी आजतागायत मिरवते. मिरवणारच. सगळ्यांना मिरवायला काहीतरी मिळतं, मला एक झडप मिळाली.

आमचं दुकान म्हणजे दोन टेबलं, खिळ्यांना टांगलेल्या वायरींनी भरलेली एक भिंत आणि आम्ही दोघी. मी दुकानच म्हणते, कारण कंपनी म्हटलं की घरचे हसतात. आम्ही यंत्रांचे मेंदू बनवतो. नखाएवढी काळी चिप, तिच्या पोटात आम्ही लिहिलेला प्रोग्राम, आणि तिच्या हुकमाखाली एखादा पंप किंवा एखादी भट्टी. मी नागपूरच्याच महाल या जुन्या वस्तीतली. आमचं घराणं राजांच्या काळात इकडे आलं आणि नंतर पिढ्यान् पिढ्या कारकुनीत रमलं. सुषमा भिवापूरच्या अलीकडच्या एका गावातली, मिरचीच्या शेतात वाढलेली. ती माझ्याकडे कामाला आली तेव्हा मी तिला शिकवत होते. आता कोण कुणाला शिकवतं ते सांगणं कठीण आहे.

आमच्या घरात कुणी 'मले-तुले' म्हटलं की आई पोळी लाटता लाटता लाटणं आपटायची. "मला म्हण, मला!" पुढे शिकायला पुण्याला गेले, तर तोंडातून एकदा 'का' ऐवजी 'काहून' निसटलं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून मी जीभ सांभाळून बोलायला लागले. मग सुषमा आली. ती सेन्सरवाल्याशी वऱ्हाडीत बोलायची, बँकेत वऱ्हाडीत बोलायची आणि चिपशीसुद्धा वऱ्हाडीतच बोलायची. "काहून गा, काहून अडून राहिला तू?" असं ती बोर्डाला इतक्या मायेनं विचारायची की तो खरंच सुरू व्हायचा. मी कान टवकारून ऐकत राहायचे. घरातलं माणूस फार दिवसांनी भेटावं तसं वाटायचं.

आमच्याकडे कुणी 'जेवतोय' म्हणत नाही, 'जेवून राहिलो' म्हणतं. पुण्याच्या मैत्रिणी विचारायच्या, जेवून झाल्यावर राहिलात कुठं? त्यांना काय सांगणार! नागपूरचा माणूस कुठलंही काम करतो तेव्हा त्या कामात मुक्कामालाच जातो. आणि 'येऊन राहिलो' हे तर तो अंघोळीला जायच्या आधी म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी मनाला लावून घेत नाही.

हे सगळं सांगते आहे, कारण त्या हंगामातली सगळी भानगड या 'राहिलो'नंच केली.

सुषमाच्या काकू, रंजनाकाकू, गावातल्या बायकांचा बचत गट चालवतात. आदल्या वर्षी अवकाळी पावसानं सातऱ्यावरची मिरची भिजली होती. सातरा म्हणजे मिरची पसरून वाळवायचं मोकळं आवार; डोक्याला, तोंडाला फडकी बांधून बायका तिथं दिवसभर बसतात, मिरची वरखाली करतात, देठं खुडतात. भिजलेली मिरची आतून बुरसली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. तेव्हा सुषमा म्हणाली, आपण ड्रायर करू. इतवारी बाजारात भांड्यांच्या गल्लीतून जाळीचे ट्रे आणले, हातगाड्या चुकवत ते टेम्पोत चढवले. टिनाची एक उभी खोली केली. खाली हीटर आणि पंखा, वर छताला एक झडप. आतली हवा दमट झाली की झडप उघडायची आणि ती हवा बाहेर सोडायची, मग पुन्हा मिटायची. मेंदू अर्थात आमचा.

पण ड्रायर म्हटल्यावर गटातल्या निम्म्या बायकांनी नाकं मुरडली. त्यात सर्वांत पुढे कौशल्याआजी. "उनात वाळते थे मिरची. डब्ब्यात वाळते थे काय मिरची होय का?" काकू भर बैठकीत उभ्या राहिल्या. सुषमानं मला तो प्रसंग इतक्यांदा सांगितलाय की मीच तिथं असल्यासारखं वाटतं. काकू म्हणाल्या, "पयल्या तोड्याची मिरची ह्याच्यात वाळन. मी शब्द देऊन राहिली. नाई वाळली तं हे डब्बं मी सोता उचलून सडकेवर नेऊन ठेवतो, अन् पुन्हा कोनाले काई नवं करा म्हननार नाई."

गावात काकूंचा शब्द म्हणजे काय चीज आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं. सुषमाला कळलं होतं. मुलीच्या जातीला हे वायरीचं शिक्षण कायले, असं घरात सगळे म्हणत होते तेव्हा याच काकूंनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. तो ड्रायर सडकेवर गेला असता तर त्याच्यासोबत बरंच काही गेलं असतं.

आता यंत्राच्या बोलण्याबद्दल सांगते. चिपच्या डोक्यात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून आम्ही तिला बोलायला लावतो. एक बारीक केबल लॅपटॉपला जोडायची, की चिप तिच्यातून अक्षरं पाठवते आणि पडद्यावर ओळी उमटतात. अमुक करतोय, तमुक झालं. बिघाड शोधायचा तर या ओळींसारखं दुसरं साधन नाही. जिथे ओळी थांबतात, तिथे यंत्र थांबलं. मी सवयीनं सगळ्या ओळी इंग्रजीत लिहिल्या होत्या. एका दुपारी सुषमानं त्या सगळ्या पुसल्या.

"ताई, वाचणार कोण हाय? काकूच नं? मंग काकूले समजन असं लिहू ना."

आपण फोनवर मराठी लिहितो तशीच इंग्रजी अक्षरांत तिनं वऱ्हाडी लिहिली. 'ओलावा पाहून राहिलो... झालं.' 'झडप उघडून राहिलो... झालं.' यंत्र काम हाती घेताना 'राहिलो' म्हणणार, आणि काम पुरं झालं की त्याच ओळीत पुढे 'झालं' म्हणणार. किती देखणं दिसत होतं ते! मी खुर्चीत मागे रेलून ते वाचत बसले आणि मला माझ्या आईचं लाटणं आठवलं. जगातल्या कुठल्या तरी कारखान्यात जन्मलेली ती चिप माझ्या टेबलावर 'राहिलो' म्हणत होती. मी म्हटलं, सुषमे, हे असंच राहू दे.

सदरमध्ये आम्ही ड्रायरमध्ये ओले टॉवेल वाळवून पाहिले. शेखभाईंनी दुकानातले धुतलेले पडदेही आणून टाकले. सगळं खडखडीत वाळलं. "सुभानल्ला," शेखभाई म्हणाले, आणि आम्ही ड्रायर टेम्पोत चढवला, सोबत काकूंसाठी एक जुना लॅपटॉप दिला.

पहिली खेप निम्म्यावर असताना यंत्र मुकं झालं. हीटर चालूच राहिला. फार तापल्यावर सगळं बंद पाडणारी एक वेगळी कळ आम्ही घातली होती, म्हणून आग लागली नाही. पण वरच्या ट्रेमधली मिरची काळवंडली. भिवापुरी मिरचीचा तो रंग, ज्यावर सगळं गाव मान ताठ करून चालतं, तो गेला. काकूंनी पडद्याचा फोटो पाठवला. शेवटची ओळ होती, 'ओलावा पाहून राहिलो... झालं.' त्यापुढे झडपेची ओळ यायची, ती आलीच नव्हती. म्हणजे गाडी झडपेपर्यंत पोचलीच नाही, ओलावा पाहून झाल्यावर तिथेच बसली. सरळ हिशेब होता. आम्ही ओलाव्याचा सेन्सर बदलला.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. पुन्हा तीच शेवटची ओळ. आणि बटण बंद करून चालू केलं की यंत्र काहीच न घडल्यासारखं कामाला लागायचं. मी सेन्सर विकणाऱ्याला फोनवर नाही नाही ते बोलले. त्यानं तिसरा सेन्सर पाठवला, तोही आम्ही बसवला. सुषमा एरवी दिवसभर बडबडते, ती गप्प राहायला लागली. सातऱ्यावर पुन्हा फडकी बांधलेल्या बायका दिसू लागल्या. कौशल्याआजी काकूंच्या दारावरून जाताना मुद्दाम हळू चालतात, असं सुषमा म्हणाली.

मग काकूंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, आणि मला काकूंच्या त्या शांत आवाजाची फार भीती वाटली.

"तिसऱ्या खेपेले कोनाची मिरची नाई घेत. माह्या वावरातली टाकतो, पयला पुरा तोडा. तुमी दोघीबी येऊन जा. वाळली तं वाळली. नाई तं मंग सडक हाय."

गेलो. सकाळचं कोवळं ऊन होतं, उमरेडच्या रस्त्यावर दोन्हीकडे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. गावात पोचलो तर आवारात सगळा गट जमलेला. काही जणी मनापासून आलेल्या, काही तमाशा पाहायला. काकूंनी स्वतःच्या हातानं ट्रे भरले, ताजी लालभडक मिरची बोटांनी पसरवत. देवघरात फुलं मांडतात तेवढ्या निगुतीनं.

यंत्र सुरू झालं. सुषमा खाली लॅपटॉपपाशी बसून ओळी मोठ्यानं वाचत होती, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. मी एका ड्रमवर चढून छताजवळ गेले, ओलाव्याच्या सेन्सरची वायर हलवून बघायला. अजूनही माझा राग त्या सेन्सरवरच होता.

"ओलावा पाहून राहिलो, झालं," सुषमा खालून म्हणाली.

माझ्या कानाशी झडपेची मोटर कुरकुरली. कर्रर्र. झडप पूर्ण उघडली आणि टोकाच्या कळीला टेकली; ही कळ दाबली गेली की यंत्राला कळतं, झडप उघडली. टक्.

मग खालून सुषमाचा आवाज आला, "झडप उघडून राहिलो, झालं."

मी वायर सोडली. "काय म्हणालीस?"

"झडप उघडून राहिलो, झालं."

"अगं, उघडून राहिलो काय? ती उघडून बसली केव्हाची!"

"मंग मी काय करू ताई? जे लिवलं हाय थेच वाचून राहिली नं मी!"

"उशिरा वाचतेस तू."

"नाई वं! ओळ दिसली की वाचतो."

मी तिला म्हटलं, आता वाचू नकोस, ओळ दिसताक्षणी नुसता हात वर कर. आणि ड्रमवरून तिच्याकडे बघत उभी राहिले. थोड्या वेळानं झडप मिटली. पुन्हा उघडायची वेळ आली. कर्रर्र झालं, सुषमाचा हात मांडीवर. टक् झालं आणि हात वर गेला.

"आधी 'राहिलो' दिसलं आणि मग 'झालं' दिसलं, की दोन्ही एकदम?"

"एकदम. पुरी ओळ एकदम."

"नेहमी एकदमच येते?"

सुषमा माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी जन्मात विसरणार नाही. "होय ना बाप्पा," ती म्हणाली. "नेहमीच."

"हा आधी करतो आणि मग सांगतो, करून राहिलो!" मी ड्रमवरूनच ओरडले. बायका खदखदून हसल्या. एक म्हणाली, "मंग बराच हाय बाई. आमचे तं आधी सांगते अन् करतच नाई."

सगळा खेळ उलगडला होता. चिपमध्ये बोलण्याची एक व्यवस्था असते, तिला बफर म्हणतात. एकेक अक्षर पाठवायला वेळ जातो, म्हणून चिप अक्षरं जमा करते आणि मग एकदम पाठवते. काकूंना मी सांगितलं, ही तुमच्या फाट्यावरची काळीपिवळी जीप आहे. पाशिंजर येऊन बसले तरी ती हलत नाही. एक तर गाडी गच्च भरायला पाहिजे, नाहीतर कुणी टिनावर थाप मारून 'चलो' म्हणायला पाहिजे. यंत्राच्या बोलण्यात ओळ संपल्याची खूण म्हणजे ती थाप. आणि आम्ही ती थाप ठेवली होती 'झालं'च्या नंतर. तेव्हा 'झडप उघडून राहिलो' हे शब्द निघायचे, गाडीत बसायचे आणि 'झालं' येईपर्यंत बसून राहायचे. झडप नीट उघडली तर पुरी ओळ एका दमात पडद्यावर यायची. आणि झडप उघडता उघडता यंत्र अडकलं तर 'झालं' कधी यायचंच नाही, आणि ते 'राहिलो' गाडीतच राहायचं.

म्हणजे यंत्र बापडं मुकं झालंच नव्हतं. झडपेशी अडलो आहे, हे ते दोन्ही वेळा सांगत होतं. आम्हीच ते पोचू दिलं नव्हतं, आणि जे पोचलं त्याला शेवटचं बोलणं समजून बिचाऱ्या ओलाव्याच्या सेन्सरला फासावर चढवलं होतं. इंग्रजीत दोन शब्दांची तुटक ओळ लिहिली असती तर कदाचित हे झालं नसतं. पण 'राहिलो' म्हटल्यावर 'झालं' म्हटल्याशिवाय आमचं वाक्य पुरं होत नाही, आणि वाक्य पुरं झाल्याशिवाय आम्ही ओळ संपवत नाही. अशी चूक आमच्याशिवाय कोण करणार? मला तर तिचासुद्धा अभिमान वाटतो.

"आता काय करा लागन?" काकूंनी विचारलं.

"प्रत्येक 'राहिलो'नंतर फ्लश," मी म्हटलं.

"संडासातला?"

"तसाच. तुंबलेलं पुढे ढकलायचं."

सुषमानं तिथेच मांडी घालून प्रोग्राम उघडला आणि प्रत्येक 'राहिलो'च्या मागे ती एक आज्ञा टाकली. मिरची आत उबेत बसलेली, बायका भोवती कोंडाळं करून, आणि सुषमाची बोटं सरसर चालत होती. नवा प्रोग्राम चिपमध्ये गेला. यंत्र पुन्हा सुरू झालं. आणि पडद्यावर पहिल्यांदाच अर्धी ओळ आली. 'ओलावा पाहून राहिलो...' ती तिथे थांबली, श्वास घेतल्यासारखी, आणि मग तिच्यापुढे 'झालं' येऊन बसलं. 'झडप उघडून राहिलो...' मग वरून कर्रर्र, टक्. मग 'झालं'.

बायकांना खेळच मिळाला. अर्धी ओळ आली की सगळ्या श्वास धरायच्या आणि 'झालं' उमटलं की एका सुरात म्हणायच्या, "झाऽलं!" तमाशा पाहायला आलेल्याही त्यात सामील झाल्या. कौशल्याआजी लांब बसल्या होत्या, त्यांनीही एकदा म्हटलेलं मी ऐकलं.

जेवणं झाली. ऊन कलायला लागलं, मिरचीचा वास दाट झाला. आणि मग पडद्यावर आलं, 'झडप उघडून राहिलो...'

बायकांनी श्वास धरला. वर कर्रर्र सुरू झालं आणि मध्येच थांबलं. टक् काही झालं नाही.

आम्ही सगळ्या पडद्याकडे बघत होतो. ती तीन टिंबं तिथे तशीच उभी होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "झालं?" झालं नव्हतं. आत काकूंची मिरची तापत होती.

काकू त्या टिंबांकडे बघत म्हणाल्या, "अगदी आमच्या घरच्या मान्सासारखं हाय हे. करून राहिलो म्हनते, अन् झालं काई म्हनत नाई."

कुणी हसलं नाही, कारण तोवर सगळ्यांच्या माना एकदम वर वळल्या होत्या. पडद्यानं बोट दाखवलं होतं, आणि या वेळी ते बरोबर जागी होतं. सुषमानं धावत जाऊन हीटर बंद केला, ड्रमवर चढली, झडपेवरचं टिनाचं झाकण काढलं आणि बिजागरीत बोट घातलं. बाहेर आलं ते मिरचीचं एक वाळकं, वाकडं देठ.

पंख्याच्या वाऱ्यानं ते वर उडालं होतं आणि बिजागरीत जाऊन बसलं होतं. त्यामुळे झडप अर्धवट उघडायची, टोकाच्या कळीला टेकायची नाही, आणि यंत्र ती टेकण्याची वाट बघत जन्मभर उभं राहायचं. बटण बंद करून चालू केलं की झडप आधी मिटायची, तेवढ्या हिसक्यानं देठ खाली पडायचं, आणि चोर पळून जायचा. सदरमध्ये हे कधी घडलं नव्हतं. आमच्या टॉवेलांना देठं नव्हती.

सुषमानं ते देठ काकूंच्या तळहातावर ठेवलं. काकूंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याच मिरचीनं केलं होय हे?" आणि असं मनमोकळं हसल्या, की मीही त्या हंगामात पहिल्यांदा हसले. झडपेखाली जाळी बसवली. प्रोग्रामला शिकवलं की कळ टेकली नाही तर जन्मभर वाट बघत बसू नकोस, हीटर बंद कर आणि बोंब मार. मग हीटर लावला आणि उरलेली खेप पुढे सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दार उघडलं. मिरची लालच होती. वरच्या ट्रेपासून खालच्या ट्रेपर्यंत लाल. काकूंनी एक मिरची कानाशी नेऊन हलवली, आतलं बी खुळखुळलं. मग कौशल्याआजी पुढे आल्या. त्यांनी एक मिरची उचलली, उन्हाकडे धरली, मोडली, हुंगली आणि ठसकल्या. सगळा गट त्यांच्या तोंडाकडे बघत होता. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "उद्या माही टाकजो, रंजना."

काकूंनी सुषमाच्या पाठीवर हात ठेवला. सुषमा रडली. मीही रडले, आणि मिरचीवर ढकलायची सोय असूनही ढकलत नाही. आनंदानं रडले.

त्यानंतर कितीतरी माघ आले. आमचे ड्रायर आता आसपासच्या गावांत आहेत. मध्यंतरी बाहेरगावचे एक इंजिनीअर आमचं काम पाहायला आले होते. फार सभ्य माणूस. सगळं आवडलं त्यांना, फक्त म्हणाले, "या ओळी तेवढ्या इंग्रजीत करा ना, किंवा निदान शुद्ध मराठीत. जरा व्यावसायिक वाटेल." मी तापणार हे ओळखून सुषमानं आधीच चहा पुढे केला. पण मी तापले नाही. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुमच्या शुद्ध मराठीत 'उघडत आहे' म्हटलं की वाचणारा पुढे निघून जातो. आमचं 'उघडून राहिलो' वाचलं की माणूस 'झालं' ऐकल्याशिवाय हलत नाही. त्यांना ते पटलं की नाही ते माहीत नाही, पण चहा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

आज सकाळी पोतं टेकवून मी खुर्चीत बसते तोच फोन वाजला. रंजनाकाकू. सुषमाला घेऊन त्या कालच कुही तालुक्यातल्या एका गावी गेल्या आहेत, नवा ड्रायर लावायला. हल्ली त्या दुसऱ्यांच्या गावांत जाऊनही शब्द देऊन येतात.

"ताई, इथल्या बाया इचारून राहिल्या, नाई वाळली तं?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगतलं, नाई वाळली तं हे डब्बं मी सोता सडकेवर ठेवतो. तू फोन ठेवू नको वं. आयक."

फोनमध्ये बायकांची कुजबुज होती, कुणाचं तरी लेकरू किरकिरत होतं, पंखा घुमत होता. मग काकूंचा वाचण्याचा आवाज आला, एकेका अक्षरावर पाय देत, "झडप... उघडून... राहिलो..."

कुजबुज थांबली. लेकरूही थांबलं. इथे सदरमध्ये मी फोन कानाला घट्ट दाबला. खाली शेखभाईंची शिंक आली, मी हातानं त्यांना गप्प बसायची खूण केली, जणू त्यांना जिन्यातून दिसणारच होतं. मग लांबून, टिनाच्या आतून आलं, कर्रर्र. टक्.

"झाऽलं!" त्या गावातल्या बायका ओरडल्या. ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही, त्या सगळ्या, एका सुरात.

"आयकून राहिली नं, ताई?" काकूंनी विचारलं.

आईचं लाटणं मला तेव्हाही आठवलं. पण तोंडातून जे यायचं तेच आलं, आणि ते अडवून ठेवायची मला आता सवय राहिलेली नाही.

"आयकून राहिली नं, काकू," मी म्हटलं. "आयकून राहिली."